महाराजा सयाजीराव गायकवाड (तृतीय)

महाराजा सयाजीराव गायकवाड (तृतीय) (जन्म : कवळाणे, ११ मार्च १८६३, मृत्यू : मुंबई, ६ फेब्रुवारी १९३९) हे बडोदा संस्थानचे १८७५ ते १९३९ या काळातील राज्यकर्ते होते. सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण, अंत्यज व आदिवासी विद्यार्थ्यांसाठी शाळा आणि वसतिगृहे, गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये, औद्योगिक शिक्षण आणि होतकरू विद्यार्थ्यांना दिलेल्या शिष्यवृत्त्या यांसाठी त्यांची कारकीर्द ओळखली जाते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या शिक्षणाला त्यांनी दिलेल्या साहाय्याचे परिणाम बडोदा संस्थानच्या सीमेपलीकडे दूरवर पोहोचले. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला कोठवर नेऊ शकते आणि तिची मर्यादा कोठे येते, हे दोन्ही त्यांच्या कारकिर्दीत स्पष्टपणे दिसून आले.

बालपण आणि दत्तकविधान

सयाजीरावांचे मूळ नाव गोपाळराव. त्यांचा जन्म आजच्या नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतील होते. बडोद्याच्या राजवाड्याशी या कुटुंबाचा व्यवहारात फारसा संबंध उरला नव्हता आणि गोपाळरावांचे बालपण शेती व गुरेढोरे यांच्या सान्निध्यात गेले.

१८७५ मध्ये ब्रिटिश सरकारने बडोद्याचे तत्कालीन महाराज मल्हारराव यांना पदच्युत केले. त्यांचे बंधू दिवंगत महाराज खंडेराव यांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी देण्यात आली. गायकवाड कुळातील मुलांमधून गोपाळरावांची निवड झाली. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान होऊन त्यांचे नाव सयाजीराव असे ठेवण्यात आले. त्या वेळी ते बारा वर्षांचे होते.

शिक्षण

बडोद्यास येईपर्यंत सयाजीरावांचे पद्धतशीर शालेय शिक्षण झालेले नव्हते. एफ. ए. एच. इलियट या ब्रिटिश अधिकाऱ्याची त्यांचे शिक्षक म्हणून नेमणूक झाली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या भाषांबरोबर इतिहास, भूगोल, गणित हे विषय त्यांना शिकवले गेले. दिवाण सर टी. माधवराव यांच्याकडून त्यांना राज्यकारभाराचे धडे मिळाले. वयाच्या बाराव्या वर्षी अक्षरओळखीपासून सुरुवात करावी लागलेल्या या राजाने पुढे आयुष्यभर वाचनाचा व्यासंग जोपासला. ग्रामीण कुटुंबातील मुलालाही योग्य संधी मिळाल्यास तो कोणतेही ज्ञान आत्मसात करू शकतो, याचे उदाहरण त्यांच्या स्वतःच्या जीवनातच होते.

१८८० मध्ये त्यांचा विवाह तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाई यांच्याशी झाला. विवाहानंतर त्यांचे नाव चिमणाबाई ठेवण्यात आले. १८८५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सयाजीरावांचा दुसरा विवाह देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई यांच्याशी झाला. त्या महाराणी चिमणाबाई (द्वितीय) म्हणून प्रसिद्ध असून स्त्रीशिक्षणाच्या कार्यात त्यांचा पुढे मोठा सहभाग होता.

राज्यकारभाराची सुरुवात

२८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. त्याच वर्षी बडोदा कॉलेज सुरू झाले. १८८७ पासून त्यांनी युरोपचे व पुढे अमेरिकेचे अनेक प्रवास केले. या प्रवासांत शाळा, ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये व तंत्रशिक्षण संस्था पाहून त्यांतील उपयुक्त बाबी संस्थानात आणण्याचा त्यांचा प्रयत्न असे. बाहेरच्या विद्वानांना संस्थानच्या सेवेत घेण्याचे धोरणही त्यांनी ठेवले. अरविंद घोष १८९३ मध्ये बडोद्याच्या सेवेत आले आणि पुढे बडोदा कॉलेजमध्ये अध्यापन करू लागले. इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनीही आपल्या सेवेची दीर्घ वर्षे बडोद्यात घालवली.

प्राथमिक शिक्षणाची सक्ती

१८९३ मध्ये काठेवाडातील अमरेली महालात दहा गावांपुरता सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. मुले-मुली दोघांनाही तो लागू होता. प्रयोगाच्या अनुभवावरून योजनेची व्याप्ती टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानासाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करण्यात आला. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड करण्याची तरतूद त्यात होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यासमोर होते.

सक्तीमुळे पटावरील संख्या वाढली, तरी काही अडचणी कायम राहिल्या. शेतीच्या हंगामात मुलांची घरी गरज असे. गरीब पालकांना दंड जाचक वाटे. प्रशिक्षित शिक्षकांची, विशेषतः शिक्षिकांची, उणीव होती. शाळा सोडल्यानंतर वाचायला काहीच न मिळाल्याने शिकलेली अक्षरे विसरली जात. यांपैकी अखेरच्या अडचणीवर उपाय म्हणून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारण्यात आले.

अंत्यज व आदिवासी विद्यार्थी

अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील मुलांसाठी १८८२ नंतर संस्थानात स्वतंत्र अंत्यज शाळा उघडण्यात आल्या. सर्वसामान्य शाळांमध्ये या मुलांना प्रवेश मिळणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. सवर्ण हिंदू शिक्षक या शाळांत काम करण्यास तयार होत नसल्याने सुरुवातीला बहुधा मुसलमान शिक्षकांवर आणि पुढे आर्य समाजाच्या कार्यकर्त्यांवर अवलंबून राहावे लागले. १९०८ मध्ये पंजाबातील आर्य समाजी कार्यकर्ते पंडित आत्माराम अमृतसरी यांना बोलावून अंत्यज शाळा व वसतिगृहे यांची देखरेख त्यांच्याकडे सोपवण्यात आली. आदिवासी मुलांसाठी सोनगढ येथे वसतिगृह चालवण्यात आले. तेथे शिक्षणाबरोबर निवास व भोजनाची सोय होती.

या वसतिगृहांमागील विचार सरळ होता. फी माफ केली, तरी दूरच्या गावातून आलेल्या मुलाला राहण्यास जागा आणि जेवण मिळत नसेल, तर ती माफी निरुपयोगी ठरते. अस्पृश्य विद्यार्थ्याला तर पैसे असूनही शहरात खोली मिळत नसे. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनीही १९०१ पासून विविध जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे स्थापन करून याच अडचणीवर उपाय योजला होता.

शिष्यवृत्त्यांचे धोरण

सयाजीरावांच्या शिष्यवृत्त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिला प्रकार संस्थानातील शाळा व महाविद्यालये यांतील गरजू विद्यार्थ्यांना दिल्या जाणाऱ्या मासिक साहाय्याचा होता. दुसऱ्या प्रकारात संस्थानाबाहेरील शिक्षणसंस्थांना व विद्यार्थ्यांना दिलेली मदत येते. गंगाराम भाऊ म्हस्के यांच्या पुढाकाराने पुण्यात स्थापन झालेली डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशन ही संस्था मराठा व अन्य मागासलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देत असे. तिला सयाजीरावांचा आश्रय होता. तिसरा प्रकार परदेशी उच्च शिक्षणासाठी दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्त्यांचा होता. शेती, अभियांत्रिकी, अर्थशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा विषयांसाठी निवडक तरुणांना संस्थानच्या खर्चाने इंग्लंड, अमेरिका आदी देशांत पाठवले जाई.

परदेशी शिष्यवृत्तीसोबत सेवेचा करार असे. शिक्षण पूर्ण झाल्यावर विद्यार्थ्याने ठरावीक वर्षे संस्थानची नोकरी करावी, अशी त्याची मुख्य अट होती. संस्थानाला प्रशिक्षित अधिकारी हवे होते आणि करदात्यांच्या पैशातून झालेल्या खर्चाचा लाभ प्रजेला मिळावा, अशी त्यामागील भूमिका होती. इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर येथे शेतीशास्त्राचे शिक्षण घेऊन आलेले खासेराव जाधव हे या धोरणाच्या अपेक्षेनुसार घडलेले उदाहरण होय. परत आल्यावर त्यांनी बडोदा संस्थानच्या प्रशासनात जबाबदारीची पदे सांभाळली.

या पद्धतीत एक उणीवही होती. शिष्यवृत्ती मिळण्यासाठी विद्यार्थ्याचे नाव प्रथम महाराजांपर्यंत पोहोचावे लागे आणि त्यासाठी एखाद्या प्रतिष्ठित व्यक्तीची शिफारस उपयोगी पडे. ज्यांना असा मध्यस्थ मिळाला नाही, असे गुणी विद्यार्थी वंचित राहण्याची शक्यता होती. संस्थानाच्या खर्चाने परदेशी जाणाऱ्यांची संख्याही साहजिकच मर्यादित होती.

विठ्ठल रामजी शिंदे यांना साहाय्य

जमखंडी येथे जन्मलेले विठ्ठल रामजी शिंदे हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना आर्थिक अडचणीत होते. डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनची शिष्यवृत्ती आणि सयाजीरावांकडून मिळालेले मासिक साहाय्य यांच्या आधारे त्यांना शिक्षण पुढे नेता आले. १८९८ मध्ये ते बी. ए. झाले व कायद्याचा अभ्यास करू लागले. परंतु वकिली किंवा संस्थानची नोकरी पत्करण्याऐवजी त्यांनी प्रार्थना समाजाच्या धर्मकार्याला वाहून घेण्याचे ठरवले. १९०१ मध्ये ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजमध्ये तौलनिक धर्मशास्त्राच्या अभ्यासासाठी गेले. तेथील शिक्षणाची व्यवस्था युनिटेरियन संस्थेच्या शिष्यवृत्तीतून झाली, तर प्रवासखर्चासाठी सयाजीरावांनी मदत केली.

परत आल्यानंतर शिंदे यांनी १९०६ मध्ये मुंबईत भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी (डिप्रेस्ड क्लासेस मिशन) स्थापन केली. तिच्या वतीने अस्पृश्य मुलांसाठी शाळा व वसतिगृहे चालवण्यात आली. येथे शिष्यवृत्तीचा मोबदला संस्थानाला नोकरीच्या रूपाने मिळाला नाही, परंतु एका विद्यार्थ्यावर झालेल्या खर्चातून पुढे अनेक विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची सोय झाली.

बाबासाहेब आंबेडकर यांची शिष्यवृत्ती

भीमराव रामजी आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. इंटरची परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतर वडिलांना पुढील शिक्षणाचा खर्च झेपेना. तेव्हा लेखक व शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी सयाजीरावांकडे त्यांची शिफारस केली. महाराजांनी त्यांची भेट घेऊन दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. तिच्या आधारे आंबेडकरांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण पूर्ण केले आणि १९१२ मध्ये ते बी. ए. झाले.

१९१३ च्या प्रारंभी ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, परंतु वडिलांच्या अखेरच्या आजारामुळे त्यांना लवकरच मुंबईस परतावे लागले. त्याच वर्षी संस्थानने अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी त्यांची निवड केली. दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी देण्यात आली आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची सेवा करण्याचा करार ४ जून १९१३ रोजी झाला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र आदी विषयांचा अभ्यास केला. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन येथे त्यांनी प्रवेश घेतला. शिष्यवृत्तीची मुदत एका वर्षाने वाढवण्यात आली होती. ती १९१७ मध्ये संपताच लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून त्यांना भारतात परतावे लागले.

करार आणि बडोद्यातील अनुभव

करारानुसार आंबेडकर सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यात दाखल झाले. त्यांची महाराजांचे लष्करी सचिव म्हणून नेमणूक झाली आणि अनुभवासाठी त्यांना विविध खात्यांत काम देण्याचे ठरले. परंतु शहरातील एकही हिंदू खाणावळ किंवा घर त्यांना जागा देण्यास तयार नव्हते. अखेर एका पारशी विश्रामगृहात त्यांनी नाव बदलून आश्रय घेतला. कार्यालयातील शिपाई स्पर्श टाळण्यासाठी कागदपत्रे दुरून टाकत. अकराव्या दिवशी त्यांची ओळख उघड होऊन काठ्या घेतलेला पारशी जमाव विश्रामगृहात आला आणि त्यांना तत्काळ जागा सोडण्यास सांगण्यात आले. संस्थानच्या प्रशासनाकडून निवासाची पर्यायी व्यवस्था होऊ शकली नाही. कमाठी बागेत काही तास घालवून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले.

दहा वर्षांच्या सेवेचा करार अशा रीतीने थोड्याच दिवसांत निष्फळ ठरला. शिष्यवृत्तीवर झालेल्या खर्चाच्या परतफेडीचा प्रश्नही त्यानंतर उपस्थित झाला. ज्या संस्थानने एका तरुणाला जगातील नामांकित विद्यापीठांत पाठवण्याची व्यवस्था केली, त्याच संस्थानच्या राजधानीत त्याला राहण्यास खोली मिळाली नाही. शिष्यवृत्ती देणे महाराजांच्या हाती होते. शहरातील घरमालकांची, खाणावळवाल्यांची व कार्यालयातील कर्मचाऱ्यांची वृत्ती बदलणे मात्र केवळ आदेशाने साधणारे नव्हते. अंत्यज विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारणाऱ्या प्रशासनाने शिकून आलेल्या अधिकाऱ्यासाठी तशी कोणतीही तरतूद केलेली नव्हती, ही उणीवही या प्रसंगातून उघड झाली.

लंडनमधील अपूर्ण शिक्षण पुरे करण्यासाठी आंबेडकरांना पुढे सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकपदाच्या वेतनातून केलेली बचत, मित्राकडून घेतलेले कर्ज आणि शाहू महाराजांची मदत यांचा आधार घ्यावा लागला. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. असे असले तरी सयाजीरावांविषयीची त्यांची कृतज्ञता कायम राहिली. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा शिक्षणासाठी मिळालेल्या साहाय्याचे स्मरण ठेवून त्यांनी तो सयाजीरावांना अर्पण केला.

ग्रंथालये, कलाभवन व ग्रंथप्रकाशन

अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहून प्रभावित झालेल्या सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बडोद्यास आणले. त्यांच्या देखरेखीखाली मध्यवर्ती ग्रंथालय, फिरती ग्रंथालये आणि ग्रंथपालांचे प्रशिक्षण यांची व्यवस्था सुरू झाली. गावाने ग्रंथालयासाठी काही रक्कम जमवल्यास तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने व तितकीच संस्थानने द्यावी, अशी पद्धत होती. त्यामुळे ग्रंथालयाच्या खर्चात व चालवणुकीत गावाचाही वाटा राहिला. मोतीभाई अमीन यांनी ग्रामीण भागात वाचनालयांच्या प्रसाराचे मोठे कार्य केले.

१८९० मध्ये त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन ही तंत्रशिक्षण संस्था स्थापन झाली. रंगकाम, छपाई, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला अशा विषयांचे शिक्षण तेथे दिले जाई. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे या संस्थेचे विद्यार्थी होते. १९१२ मध्ये सयाजीरावांनी दोन लाख रुपयांचा निधी बाजूला काढला आणि त्यातून श्रीसयाजी साहित्यमाला व बालज्ञानमाला या मालांमधून गुजराती व मराठी पुस्तके प्रसिद्ध होऊ लागली. संस्कृत ग्रंथांच्या संशोधित आवृत्त्यांसाठी गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली. १९२७ मध्ये प्राच्यविद्या मंदिर या संशोधन संस्थेची स्थापना झाली.

सामाजिक कायदे व सार्वजनिक जीवन

विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १९०१ मध्ये आणि बालविवाह प्रतिबंधक कायदा १९०४ मध्ये संस्थानात करण्यात आला. बालविवाहाला आळा घालणे हे मुलींच्या शिक्षणासाठीही आवश्यक मानले गेले. १९११ च्या दिल्ली दरबारातील सयाजीरावांच्या वर्तनावरून ब्रिटिश सरकारची त्यांच्यावर नाराजी ओढवली. पुढे लंडन येथील गोलमेज परिषदेत ते सहभागी झाले. १९३२ मध्ये कोल्हापूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

मूल्यमापन

सयाजीरावांच्या शैक्षणिक कार्याचे वैशिष्ट्य म्हणजे त्यांनी शिष्यवृत्तीकडे एकाकी दानधर्म म्हणून पाहिले नाही. प्राथमिक शाळा, वसतिगृह, महाविद्यालय, तंत्रशिक्षण आणि ग्रंथालय या साखळीतील ती एक कडी होती. प्राथमिक शिक्षणाचा पाया रुंद असल्याशिवाय शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थी मोठ्या संख्येने पुढे येत नाहीत आणि शिक्षणानंतर वाचनाची सोय नसल्यास शाळेतील शिक्षण टिकत नाही, ही बाब त्यांच्या योजनांच्या क्रमातून स्पष्ट होते.

त्यांच्या धोरणाच्या मर्यादाही अभ्यासकांना विचारात घ्याव्या लागतात. स्वतंत्र अंत्यज शाळांमुळे शिक्षणाची दारे उघडली, तरी शाळेतील जातिभेद त्यामुळे लगेच नाहीसा झाला नाही. सेवेचा करार हा शिष्यवृत्तीला शिस्त लावणारा असला, तरी करार पाळण्याजोगी परिस्थिती निर्माण करण्याची जबाबदारी संस्थानावरही होती आणि आंबेडकरांच्या बाबतीत ती पार पडली नाही. शिंदे व आंबेडकर या दोघांनीही संस्थानची दीर्घ सेवा केली नाही. तरीही त्यांच्या शिक्षणाचा लाभ समाजाला मिळाला. शिष्यवृत्तीचे यश केवळ करारपूर्तीवरून मोजता येत नाही, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

मृत्यू व स्मृती

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबई येथे सयाजीरावांचे निधन झाले. त्यांच्यानंतर त्यांचे नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. १९४९ मध्ये बडोदा कॉलेज, कलाभवन व अन्य संस्था एकत्र करून बडोद्यात विद्यापीठ स्थापन करण्यात आले. ते महाराजा सयाजीराव विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. हंसा मेहता या त्याच्या पहिल्या कुलगुरू होत्या. बडोद्यातील मध्यवर्ती ग्रंथालय व प्राच्यविद्या मंदिर या संस्था आजही कार्यरत आहेत. १९१७ मध्ये आंबेडकर ज्या बागेत बसले होते, ती कमाठी बाग आज सयाजी बाग म्हणून ओळखली जाते. तेथील ज्या झाडाखाली ते बसले होते, त्या परिसराला संकल्पभूमी असे म्हटले जाते आणि दरवर्षी अनेक लोक त्या स्थळाला भेट देतात.